गाडी किती देते?

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात सख्खी, चुलत, आत्ते अशी मिळून पोरांची पलटण होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात वाढलेल्या घरांत वाहन येण्याच्या कितीतरी आधी वाहनाची वाट बघणं यायचं, तसं ते आमच्याकडेही आलं. चेतक बाजारात आली १९७२ साली. पण नंबर लावल्यापासून ती दारात उभी राहीपर्यंत वर्षंच्या वर्षं जात. कुणी परदेशातून डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागायचा, पण आमच्यातलं कुणी तेव्हा पुण्याच्या पलीकडेसुद्धा गेलेलं नव्हतं. अण्णांनी स्कूटर नोंदवली तेव्हा ताई बालवाडीत होती आणि ती आली तेव्हा हायस्कूलमध्ये.

त्या स्कूटरनं आम्हा सगळ्यांना शिस्त लावली. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, प्लग पॉलिश पेपरनं कसा घासायचा, सुरू होत नसेल तर गाडी कुठल्या अंगाला आडवी करायची, हे पोरींनाही पाठ होतं. रिझर्व्हला लागली की पुढचे किती किलोमीटर हातात आहेत, हे अण्णा डोळे मिटून सांगत. आज विजेच्या मोटारीबद्दल बोलताना माणसं ‘मध्येच चार्जिंग संपलं तर?’ म्हणून हबकतात. मला त्या भीतीचं फार नवल वाटत नाही. आमचं सगळं बालपण रिझर्व्हच्या हिशेबातच गेलं आहे.

हिशेबाचं खरं खातं मात्र काकांकडे होतं. त्यांच्याकडे खाकी पुठ्ठ्याची एक वही होती. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, किती रुपये, आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज. पुढे त्यांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, आणि वहीतले आकडे एकदम घसरले. पुण्याहून परतताना खंबाटकी चढता चढता ती तापायची. बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतून, आम्ही दगडांवर बसून डबे सोडायचो. उतारावर काका गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करायचे. तेवढंच पेट्रोल वाचेल म्हणून. ते किती धोक्याचं होतं हे आज कळतं. त्या वेळी घरातल्या मोठ्यांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

म्हणूनच कोल्हापूरच्या धाकट्या चुलतभावानं विजेची मोटार घेतली आणि मी पहिल्यांदा तिच्यातून घाट उतरले, तेव्हा माझं सगळं लक्ष पडद्यावरच्या आकड्याकडे होतं. उतारावर पाय उचलला की मोटरच जनित्र होते, वेगाला आवर बसतो आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. चढावर खर्च झालेलं सगळं काही मिळत नाही. पण काकांना जीव मुठीत धरून जे वाचवावं लागे, ते इथे सुरक्षितपणे, आपोआप घडत होतं. त्यांना हे दाखवायला हवं होतं. फार हवं होतं.

काकांची वही पुढे ओढायची तर हिशेब असा निघतो. तीस युनिटांची बॅटरी असलेली मोटार जाहिरातीत काहीही म्हणो, प्रत्यक्षात दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. घरची वीज सगळे आकार धरून दहा रुपये युनिट पडली, तर तीनशे रुपये. तेवढ्याच अंतराला पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोलची गाडी शंभराच्या वरच्या भावानं चौदाशेच्या घरात जाते. म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचले. पण गाडी घेताना तीन-साडेतीन लाख जास्त मोजले असतील, तर ते भरून यायला साठ हजार किलोमीटर धावावं लागेल. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षं. माझ्यासारखीला, जी मंडई, दवाखाना आणि लेकीचं घर यापलीकडे जात नाही, तिला पंधराहून जास्त. महामार्गावरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्या दुपटीच्या आसपास जातो, तिथे बचत आणखी आटते. विजेच्या मोटारींवर २०१९ पासून पाचच टक्के जीएसटी आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी ठेवली आहे. ही मदत खरी आहे. पण जी गाडी धावतच नाही, तिला टोलमाफीचा काय उपयोग?

आणि दुसरा प्रश्न, जो शोरूममध्ये कुणी आधी विचारत नाही: रात्री गाडी कुठे उभी राहते? भावाचा बंगला आहे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला झोपताना लावली की सकाळी भरलेली. ज्या घरानं लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून दिवस काढले, त्याच घराच्या विजेवर आज मोटार चालते, याचं मला मनापासून अप्रूप आहे. त्यानं महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटरही घेतलं, नाहीतर घरचं बिल वरच्या टप्प्यात जाऊन बसतं.

आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. नव्या इमारतींत वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय हवी, असं केंद्राच्या आदर्श नियमावलीत २०१९ सालीच आलं. आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. पार्किंगपासून मीटरच्या खोलीपर्यंत केबल कुठून न्यायची, खर्च कुणी करायचा, आग लागली तर काय, यावर सभेत दोन तट आहेत. भीती सगळीच खोटी नाही. जुन्या वायरिंगवर एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं हे मीही कधी मान्य करणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सोडवता येत नाही. काकांची पद्मिनी त्यांच्यानंतर आत्याकडे गेली, मग तिच्या दिरांकडे. प्रत्येक घरात कुणीतरी तिच्यावर गाडी शिकलं. गल्लीतला मिस्त्री ती लिंबाखाली खोलायचा. विजेच्या गाडीला ऑइल नाही, क्लच नाही, सर्व्हिसिंगचा खर्च बराच कमी. पण बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची, आणि ती बदलायची झाली तर लाखांत. आठ वर्षांनी ती गाडी कुठल्या भाच्या-पुतण्याला हौसेनं देता येईल? तरी ज्याचं धावणं रोजचं आहे आणि ज्याला हक्काची जागा आहे, त्यानं आता पेट्रोलची गाडी घेऊ नये, असं मी भावंडांना स्पष्ट सांगते. ताईचा मुलगा रोज वाघोली ते हिंजवडी करतो. तो आमच्याच इमारतीत राहतो, म्हणून पुढच्या सभेत वेगळ्या मीटरचा विषय मीच मांडणार आहे: लेखी अर्ज, केबलचा नकाशा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा अंदाजपत्रकाचा कागद जोडून.