अपुरं राहिलेलं हाती घेताना

३१ डिसेंबर उजाडतो तेव्हा आमच्या उपासनेचं वर्ष महिनाभराचं झालेलं असतं. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि तिथूनच ते सुरू होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान अजून उलटायचं असतं, आणि आम्ही मात्र येणाऱ्याची वाट पाहू लागलेलो असतो. हा क्रम मला फार जवळचा वाटतो. आधी सगळं निस्तरा, मग नव्याला हात घाला, अशी अट देव घालत नाही.

आमच्या नगरकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना असते. थंडी मी म्हणत असते. शाली, कानटोप्या, पेटी-तबला, 'उपासना संगीत'ची कडा झिजलेली पुस्तकं. गाणी झाली की साक्षी सुरू होतात. कुणाच्या मुलीला नोकरी लागलेली असते, कुणी ऑपरेशनमधून सुखरूप उठलेलं असतं. गेल्या वर्षी एक आजी उठल्या. त्यांचा कर्ता मुलगा त्याच वर्षी गेला होता. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. पेटीवरच्या मुलानं हळूच भाता मिटला. मग त्या म्हणाल्या, "त्याला का नेलं, ते मला कळलं नाही. देवाला रोज विचारते. पण येत्या रविवारपासून शब्बाथ शाळेतली बारकी पोरं मी घेईन." एवढं बोलून त्या खाली बसल्या. पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला, आणि बरंच केलं.

उपकार मानायचे म्हणजे सगळं चांगलंच झालं असं म्हणायचं, अशी समजूत आपल्या मंडळ्यांतही आहे. मला ती मुळीच पटत नाही. आजींनी दुःख झाकलं नव्हतं, देवाला विचारलेला प्रश्नही मागे घेतला नव्हता. प्रश्न घेऊनच त्या पोरांकडे निघाल्या होत्या. माझ्या लेखी विश्वास तो हाच.

लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात आणतात, तेव्हा त्याला ओळखतात शिमोन आणि हन्ना. हन्ना ८४ वर्षांची विधवा. शिमोन तर बाळाला हातांवर घेऊन, आता मी सुखानं जातो, असं देवाला सांगतो. हे मूल पुढे काय करील ते पाहायला आपण नसू, याचं त्या दोघांना काहीच वाटत नाही. हन्ना भेटेल त्याला त्या बाळाविषयी सांगत राहते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. ज्या वयात माणसं पेन्शनचा विचार करतात, त्या वयात हातचा पगार सोडून! मे १९१९ मध्ये ते गेले. दरबार नुकता कुठे उभा राहत होता, 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धंही झालं नव्हतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा याच बाईंचं सगळं जग कोसळलं होतं, आणि स्वतः बाप्तिस्मा घ्यायला त्यांना पुढची पाच वर्षं लागली होती. त्या वर्षांना कुणी वाया गेलेली म्हणू नये. घाईनं धरलेला विश्वास असा दुसऱ्याचं अपुरं काम उचलू शकला असता का, याची मला शंका आहे.

माझ्या वडिलांनी मंडळीच्या जुन्या वह्यांतल्या मोडी नोंदी बाळबोधीत उतरवायला घेतल्या होत्या. एक वही पुरी झाली, दुसरी निम्म्यावर राहिली. दुष्काळात आलेली कुटुंबं, पाळण्यातच गेलेली लेकरं, बाप्तिस्म्याला बदललेली नावं, सगळं त्यांत आहे. मोडी मला येत नाही. शिकवणाऱ्या गुरुजींशी बोलून ठेवलं आहे. जानेवारीत त्यांचा वर्ग सुरू होतो. वही घेऊनच या, असं म्हणाले आहेत.