पाण्याचे नियम

मी बरीच वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतोय, आणि त्यातली निम्मी एकाच जगात गेली. त्या जगाचं नाव अथास. टीएसआर या अमेरिकन कंपनीनं १९९१ मध्ये ते 'डार्क सन' नावाच्या खोक्यातून बाजारात आणलं. टिमथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी ते रचलं आणि ब्रॉम या चित्रकारानं त्याला चेहरा दिला. बाकीच्या अशा जगांत हिरवी रानं, किल्ले आणि देवळं असतात. अथासमध्ये समुद्राच्या जागी धूळ आहे. देव नाहीत. लोखंड इतकं दुर्मीळ की हत्यारं हाडांची, दगडांची आणि लाकडाची. सात नगरराज्यं, त्यांवर जादूगार-राजे, आणि मध्ये सगळं वाळवंट. हे वाळवंट आपोआप झालेलं नाही. इथली जादू झाडापाल्यातला जीव शोषून चालते. पिढ्यानपिढ्या ती वापरून जादूगारांनीच जमीन जाळली.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण जग चालवतो, म्हणजे आमच्याकडे मी. काय करायचं ते खेळाडू बोलून सांगतात, जमलं की नाही ते फासा सांगतो. फाशांमागे जाडजूड नियमपुस्तकं असतात आणि दर काही वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती येते. 'डार्क सन' दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेलं होतं. २०१० मध्ये ते चौथ्या आवृत्तीत आलं. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली, आणि तिच्यासाठी अथासचं पुस्तक नव्हतं. आमच्या टेबलावरच्या नव्या मुलांना पाचवीच येत होती. म्हणून ते जग तिच्यात आणायचं काम माझ्याकडे आलं.

सोप्या गोष्टी दोन रविवारांत उरकल्या. जुन्या आवृत्तीत चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा कमी, नव्यात उलट. ती नुसती वजाबाकी. राजाचे टेंपलर त्याच्याकडूनच शक्ती मिळवतात. पाचवीत वॉरलॉक नावाचा वर्ग आहे, तोही कुणा बलाढ्य धन्याशी करार करून शक्ती घेतो. टेंपलर त्यात चपखल बसले.

अडलं ते पाण्यापाशी.

पाचवी आवृत्ती मनानं उदार आहे. आठ तासांची झोप झाली की मरायला टेकलेलं पात्र ठणठणीत उठतं. दुसऱ्या आवृत्तीत त्याच झोपेचा एखाददुसरा गुण मिळायचा. ड्रुइडच्या एका साध्या मंत्रानं दहा बोरं तयार होतात आणि एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. पाण्याचा हिशोब तर बघाच. नियमाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. पाच जणांची टोळी म्हणजे दहा गॅलन, सुमारे अडतीस लिटर. आणि पहिल्याच पातळीवरच्या पुजाऱ्याला पाणी तयार करायचा जो मंत्र येतो, त्यातून मिळतं दहा गॅलन. म्हणजे एका नवशिक्या पुजाऱ्यापुढे अख्खं वाळवंट हरतं. अथासमध्ये माणसं ज्या गोष्टीसाठी गुलाम होतात, खून करतात, ती सकाळी उठून दात घासता घासता मिळते.

मी मंत्र काढून टाकायच्या विचारात होतो. आमच्यातली एक मैत्रीण लातूरची आहे. ती म्हणाली, "काढू नकोस. फक्त पाणी कुठून येतं ते विचार."

२०१६ च्या उन्हाळ्यात ती लातुरात होती. त्या वर्षी पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. आम्ही पुण्यात ते टीव्हीवर पाहिलं. तिच्या लेखी तो उन्हाळा म्हणजे तहान नव्हे, वेळ. टँकर रात्री दोनला येणार की चारला, घरातलं कोण जागं राहणार, कुणाचा अभ्यास बुडणार, कोण कामावर जाणार नाही. "तहानेनं मेलेलं मी कुणी पाहिलं नाही," ती म्हणाली, "पण रांगेत उभं राहून सगळ्यांची आयुष्यं थोडी थोडी कमी झाली."

त्यावरून आम्ही दोन नियम केले. पहिला: मंत्रानं पाणी तयार होत नाही, नकाशावरच्या सगळ्यांत जवळच्या विहिरीतून येतं. प्रत्येक विहिरीपुढे मी आकडा लिहितो आणि तो कमी होतो. दुसरा: पुस्तकातच एक पर्यायी नियम आहे, पूर्ण विश्रांतीला आठ तासांऐवजी सात दिवस लागतात. तो घेतला. बरं व्हायचं तर आठवडाभर एका जागी राहायचं, म्हणजे कुणाच्या तरी विहिरीवर. पात्रं पहिल्यांदा गावकऱ्यांशी नीट बोलायला लागली.

यानंतर खरी गाठ आली ती जमीन जाळणाऱ्या जादूची. १९९१ च्या पुस्तकात तिचा मोह फार हुशारीनं मांडला होता. जमीन राखणाऱ्या जादूगाराला वरच्या पातळीवर जायला जास्त अनुभवगुण लागत, जाळणाऱ्याला कमी. म्हणजे पाप करणारा भरभर मोठा व्हायचा, बस्स. चौथ्या आवृत्तीत जाळणाऱ्याला फासा पुन्हा टाकता यायचा आणि इजा व्हायची जवळ उभ्या असलेल्या सोबत्यांना. पाचवीत सगळ्या वर्गांना अनुभवगुणांचा एकच तक्ता आहे, त्यामुळे जुना मोह तिथं उभाच राहत नाही.

मी तो जुना तक्ता टेबलावर मांडून समजावत होतो. लातूरकरीण वाचत होती. मग म्हणाली, "आमच्याकडे याला ऊस म्हणतात."

सगळे हसले. ती पण हसली, आणि मग सांगितलं, की त्यांच्या दोन एकरांत ऊसच होता. शेजारच्यांची बोअर आटली तेव्हाही होता. दुसऱ्या कुठल्या पिकात इतका भरवसा नव्हता. "माझी इंजिनियरिंगची फी त्यातनंच गेली. बाबांना मी काय म्हणू, तुम्ही जाळणारे?"

त्यावर कुणी बोललं नाही. तोवर माझ्या डोक्यात जमीन जाळणारा जादूगार म्हणजे खलनायक होता. मुखपृष्ठावर तसाच दिसतो. तिच्या बोलण्यानंतर नियम लिहिताना मी खलनायकाचा विचार सोडला आणि फीचा केला. आमचा नियम असा झाला: जादूगाराला जमीन जाळून एक मंत्र फुकट मिळतो, राखीव ताकद खर्च न करता. त्या बदल्यात नकाशावरचा तो चौकोन मी काळ्या पेनानं भरतो. नकाशा एकच, तो पुन्हा काढायचा नाही. काळ्या चौकोनाशेजारच्या विहिरीचा आकडा निम्मा होतो. जाळणाऱ्याला काहीच होत नाही.

तिचं पात्र जमीन राखणारं होतं. दीड वर्ष तिनं तो फुकटचा मंत्र घेतला नाही. मग एका रविवारी टोळीतला सगळ्यांत लहान मुलगा मरणाच्या दारात होता, तिची ताकद संपली होती, आणि शेजारी एका वस्तीची बाजरी उभी होती. ती बराच वेळ नकाशाकडे बघत बसली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चौकोन स्वतः भरला. पोरगा वाचला. पुढच्या खेळात ती वस्ती उठून गेलेली होती. कुठे गेली ते तिनं तीनदा विचारलं. मलाही ठरवता आलं नव्हतं.

२०२४ मध्ये नियमपुस्तकांची नवी रूपं आली. थकव्याचा हिशोब बदललाय. आता थकव्याच्या दर पायरीला फाशातून दोन वजा होतात. मुलांना नव्याच पुस्तकावर खेळायचंय, म्हणजे सगळं पुन्हा बसवायला लागणार. मी नवी वही घेतली आहे. पहिल्या पानावर विहिरींची नावं आणि आकडे उतरवून काढले. काळे चौकोन एकूण सात. वर्ग, मंत्र, हत्यारं यांचं नंतर बघू.