उद्या पाऊस पडेल? हो / नाही

'मुंबईत उद्या पाऊस पडेल का?' हा प्रश्न जुलै महिन्यात विचारणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर त्याने त्यावर पैसे लावलेले असतात.

दुसऱ्या जातीची माणसं आपल्या शहरात फार जुनी आहेत बरं का. एकोणिसाव्या शतकात इथे पावसाचा सट्टा जोरात चालायचा. ठराविक वेळात छपरावरचं पाणी पन्हाळीतून खाली पडलं की 'पाऊस पडला', नाही पडलं की 'नाही पडला'. झालं! 1889 साली अशी एक केस मुंबई हायकोर्टात गेली आणि त्या वेळच्या कायद्यात हे बसत नाही असा निकाल लागला. सरकारने काय केलं? 1890 मध्ये कायदाच दुरुस्त केला. तो 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं याची त्यातली व्याख्या एकदा वाचाच. कापसाचा आणि अफूचा बाजारभाव, त्या भावातले आकडे, शेअरचा भाव, पाऊस पडणं किंवा न पडणं, किती पडला... अशी यादीच आहे. कुणीतरी टेस्ट केसेस लिहाव्यात तसं लिहिलंय. प्रत्येक ओळीमागे प्रॉडक्शनमध्ये सापडलेला एक एक बग असणार :)

(कापसाच्या भावातले आकडे म्हणजे मटक्याचं मूळ. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा भाव तारेने मुंबईत यायचा, त्यावर लोक आकडा लावायचे. ते बंद झाल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या-पत्त्यांवर तोच धंदा चालवला. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझा रूममेट. अंधेरी ईस्टला आम्ही दोघं टू बीएचके शेअर करतो. तो टेस्टिंगमध्ये आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि दीडएक वर्ष तो फोनवर 'हो' आणि 'नाही' विकत घेत होता. ओपिनियन ट्रेडिंग म्हणायचे त्याला. प्रश्न येतो: आजची मॅच अमुक टीम जिंकेल? बिटकॉइन इतक्याच्या वर जाईल? 'हो' साडेसहा रुपयांना, 'नाही' साडेतीनला, दोन्ही मिळून दहा. बरोबर निघालं तर दहा रुपये, चुकलं तर शून्य.

एक इंजिनियर म्हणून सांगतो, कल्पना भारी आहे. साडेसहा रुपये भाव म्हणजे बाजाराच्या मते पासष्ट टक्के शक्यता. हजारो लोकांचं मत एका आकड्यात! अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1988 पासून निवडणुकांवर असा बाजार चालवलाय, पण माणशी पाचशे डॉलरची मर्यादा ठेवून, अभ्यासासाठी. आमच्या अंधेरीतल्या अभ्यासाला मर्यादा नव्हती. रूममेटचे एक लाख ऐंशी हजार गेले, आणि ते मुलुंडच्या भाड्याच्या फ्लॅटच्या डिपॉझिटचे होते. डिसेंबरात त्याचं लग्न.

'अरे पण लीगल आहे ना,' हे त्याचं पेटंट वाक्य. पुरावा काय, तर सरकार टॅक्स घेतं! ते खरंच होतं. ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन गेमिंगमध्ये भरलेल्या पैशांवर तेव्हा 28 टक्के जीएसटी लागायचा, आणि जिंकलेल्यावर 30 टक्के इन्कम टॅक्स. पण टॅक्स घेतला म्हणजे परवानगी दिली, हा समज कुठून आला देव जाणे. इन्कम टॅक्सवाले चोराच्या कमाईवरही टॅक्स मागू शकतात.

त्यात राज्याराज्यांचा घोळ. 'पैज आणि जुगार' हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय, तर 'शेअर बाजार आणि वायदे बाजार' केंद्राचा. त्यामुळे तेलंगणाने 2017 मध्येच पैशांचे ऑनलाइन गेम बंद केले, आणि आमच्या हैदराबादच्या टीममधल्या पोरांना आयपीएलच्या वेळी ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये पैसे लावता यायचे नाहीत. महाराष्ट्रात चालायचं. फँटसी क्रिकेट कौशल्याचा खेळ आहे असं मुंबई हायकोर्टाने 2019 मध्ये मान्य केलं होतं, आणि ओपिनियनवाले त्याच छत्रीखाली शिरले. आता हो-नाही ही पैज की वायदा? गंमत म्हणजे अमेरिकेत हेच भांडण चालू झालं. काल्शी नावाची कंपनी म्हणते आम्ही केंद्राच्या नियंत्रणाखालचा वायदे बाजार, तर नेवाडा आणि न्यू जर्सीने 2025 मध्ये तिला नोटिसा धाडल्या की बाई, ही आमच्या राज्यातली पैज आहे.

आपल्याकडे सेबीने 29 एप्रिल 2025 ला हात झटकले. यात जे विकलं जातं ते सिक्युरिटी नाही, म्हणून आमचं संरक्षण नाही. आणि कधी ते सिक्युरिटी ठरलंच, तर मान्यता नसलेल्या ठिकाणी तिचा व्यवहार बेकायदेशीर. म्हणजे दोन्ही बाजूंनी 'नाही'. मग ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा आणला. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. माझा एक पुल रिक्वेस्ट रिव्ह्यू व्हायला यापेक्षा जास्त दिवस लागतात! कौशल्य की नशीब हा वादच त्यात निकालात काढलाय. पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळता ना, मग बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. अ‍ॅप्स पटापट बंद झाली.

मला वाटलं, सुटलो. पण आठवड्याभरात साहेबांनी लॅपटॉप माझ्यासमोर धरला. परदेशी साइट, क्रिप्टोत पैसे भरायचे, ब्राउझरला व्हीपीएन. 'ही तर भारतात नाहीच, मग भारताचा कायदा कसा लागणार? तू वाच ना जरा, तुला असलं वाचायला आवडतं.'

वाचलं. भारताबाहेरून चालवलेल्या पण इथे दिल्या जाणाऱ्या सेवेलाही तो कायदा लागू होतो. बँकांना आणि पेमेंटवाल्यांना असे व्यवहार करायला मनाई आहे. पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते जुनंच काहीतरी. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30: पैजेचा करार रद्दबातल, कोर्टात वसुली नाही. आणि मुंबई इलाख्यासाठी त्याआधीचा, 1865 चा एक कायदा आहे, तो आणखी पुढे जातो. पैजेला जोडून केलेले इतर करारही, म्हणजे त्यासाठी दिलेलं कर्जसुद्धा, इथे वसूल होत नाही. बाकीच्या भारतात निदान तेवढी वाट असू शकते. अंधेरीत तीही नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, 'समज त्या साइटवर तू बरोबर निघालास आणि त्यांनी चुकीचा निकाल लावला, तर कुणाकडे जाशील?'

तो म्हणाला, 'चुकीचा कसा लागेल? पाऊस पडला की पडला.'

इथे मात्र मी त्याला पकडला. 26 जुलै 2005 ला आम्ही दोघं शाळेत होतो, तो घाटकोपरला, मी बोरिवलीला. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. आणि कुलाब्याला? 73. 'मुंबईत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडेल का' या प्रश्नाचं त्या दिवशीचं उत्तर काय? ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं तो 'हो' म्हणेल. साइटच्या नियमावलीत बारीक अक्षरात कुलाबा लिहिलेलं असेल तर त्याचे पैसे शून्य.

यावर तो बराच वेळ गप्प बसला. टेस्टिंगवाला आहे, एज केस दाखवली की त्याला पटतं. कायद्याची कलमं वाचून दाखवली तेव्हा जांभया देत होता.

पावसावर रीतसर बाजार होऊच शकत नाही असं नाही हं. केंद्राने 2024 मध्ये वायद्यांच्या यादीत हवामान टाकलं, आणि जून 2025 मध्ये एनसीडीईएक्सने हवामान खात्याशी पावसावरच्या वायद्यांसाठी करार केला. एनसीडीईएक्सचं ऑफिस कांजुरमार्गला, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या मधेच. ज्याचं पीक पावसावर आहे त्याला त्याचा उपयोग आहे. तिथे मोजमाप कुणाचं हे ठरलेलं असतं आणि तक्रार करायला सेबी असते. पावसाचा सट्टा आणि पावसाचा वायदा यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे, आणि तो बारीक नाही.

रूममेटने त्या साइटवर पैसे भरले नाहीत. निदान मला दिसेल असे तरी नाहीत. मागच्या रविवारी त्याने होणाऱ्या बायकोला फोन करून एक लाख ऐंशी हजारांचं सांगितलं. बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं, त्यामुळे ती काय म्हणाली ते कळलं नाही. पाऊण तासाने बाहेर आला आणि मला म्हणाला, 'मुलुंड कॅन्सल. डोंबिवलीला बघतोय. डिपॉझिट निम्मं आहे.'