आमच्या घरचें नाताळचें हॅम

नाताळचा सण जवळ आला म्हणजे वर्गांतील मुलें आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात : “सर, यंदा तुमच्या घरीं काय करणार?” करंज्या, चकल्या, केक हीं उत्तरें त्यांच्या परिचयाचीं असतात. गेल्या वर्षीं आम्हीं “हॅम” असें उत्तर दिलें, तेव्हां क्षणभर शांतता पसरली आणि मागल्या बांकावरून धीट आवाज आला कीं, हॅम म्हणजे नक्की काय? त्याचें उत्तर सावकाशीनें देऊं असें आम्हीं कबूल केलें होतें, तें या अंकांत देत आहों.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं डुकराचें मांस वर्ज्य आहे, आणि कित्येकांकडे कोणतेंच मांस शिरत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं हा लेख मिठाचा, गुळाचा आणि एका जुन्या स्वयंपाक्याचा समजावा. म्हणजे वाचण्यास संकोच वाटणार नाहीं.

हॅम म्हणजे डुकराच्या मागील पायाचें, मांडीचें मांस. परंतु ताजें नव्हे, तर मिठांत मुरविलेलें. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गुडघ्याच्या मागची बांक असा आहे. मराठींत त्या जागेस लवण म्हणतात, आणि संस्कृतांत लवण म्हणजे मीठ! हा निव्वळ योगायोग होय. पण भाषेच्या शिक्षकास असा योगायोग सोडवत नाहीं. ‘मुरविणें’ हा शब्दही आम्हीं जाणूनच योजिला आहे. कैरीचें लोणचें ज्या कारणानें टिकतें त्याच कारणानें हॅम टिकतें. मीठ पदार्थांतील पाणी ओढून घेतें, आणि पाण्यावांचून कुजविणाऱ्या जंतूंस थारा मिळत नाहीं. कोंकणांतील खारविलेल्या बांगड्याचा न्याय तोच.

नाताळाशीं या पदार्थाची गांठ हवामानानें घातली आहे. उत्तर युरोपांत शरद ऋतूंत रानांतील ओक व बीच या झाडांचीं फळें खाऊन डुकरें पुष्ट होत. पुढें हिवाळा आला कीं त्यांस खाऊं घालावयास कांहीं उरत नसे. म्हणून थंडीच्या आरंभींच तीं मारीत, आणि ताजें खाऊन उरलेलें मांस मीठ लावून ठेवीत. म्हणजे हा पदार्थ चैनींतून जन्मलेला नसून काटकसरींतून जन्मलेला आहे. स्वीडन देशांत शिजविलेल्या हॅमवर मोहरी, अंडें व पावाचा चुरा यांचा थर देऊन तें भाजतात, आणि ज्या पाण्यांत तें शिजलें त्यांत पाव बुडवून खातात. तें पाणी फेंकून देण्याची बुद्धि त्यांस होत नाहीं. इंग्लंडांत लवंगा, मोहरी व तांबूस साखर वापरतात. अमेरिकेंत त्यांत अननसाच्या चकत्यांची भर पडली. अमेरिकेंत पुष्कळ घरीं नाताळइतकाच हॅमचा मान ईस्टरलाही असतो, कारण हिवाळ्यांत मुरत घातलेले पाय वसंत ऋतूंत तयार होत.

आपल्या देशाचाही या कथेंत एक भाग आहे, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. मांस नुसत्या मिठांत मुरविलें तर तें शिजल्यावर करडें दिसतें. हॅमचा गुलाबी रंग पूर्वीं सोऱ्यामुळें येई. सतराव्या व अठराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्या बिहारमधून जहाजें भरून सोरा नेत. नोनिया नांवाचे लोक खारी माती धुऊन व तें पाणी आटवून तो तयार करीत. बहुतेक सारा सोरा बंदुकीच्या दारूसाठीं जाई. पण चिमूटभर सोरा युरोपांत मांसाच्या मिठांतही पडे. या रंगाचें कोडें जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं उलगडलें. सोऱ्यापासून नायट्राइट बनतें, तें मांसांतील रंगद्रव्याशीं संयोग पावतें, आणि मग शिजविलें तरी गुलाबी छटा जात नाहीं.

नायट्राइटचें दुसरें काम अधिक महत्त्वाचें आहे. बेल्जमांतील एल्झेल या गांवीं १८९५ च्या डिसेंबरांत एका अंत्यविधीनंतर वाजंत्र्यांच्या ताफ्यानें हॅम खाल्लें. पुष्कळ जण आजारी पडले व तिघे दगावले. व्हान एर्मेन्गेम या प्राध्यापकानें त्या हॅममध्यें जो जंतु शोधून काढला, तो बोट्युलिझम या भयंकर विषबाधेचें कारण होय. नायट्राइट त्या जंतूस वाढूं देत नाहीं. पण त्याचें स्वतःचें प्रमाण चुकलें तर तेंच विष ठरतें. म्हणून मुरविण्याचें काम आम्हीं घरीं केलें नाहीं, आणि वाचकांनींही तो प्रयोग करूं नये. शिवाय २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें अशा मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे. रोजच्या न्याहारीस तें शोभणारें नव्हे. आमच्या घरीं तें वर्षांतून एकदांच येईल, असें आम्हीं आधींच ठरविलें.

आतां तें आमच्या घरांत शिरलेंच कसें, तें सांगितलें पाहिजे. आमचे आजोबा नगर जिल्ह्यांतील एका मिशन बंगल्यावर १९३८ पासून १९६४ पर्यंत स्वयंपाकी होते. दर नाताळास मुंबईहून आगगाडीनें एक खारविलेला पाय येई. कापडांत शिवलेला व लाकडासारखा टणक. आजोबा तो शिजवीत, आणि पत्र्याच्या पेटीच्या खालीं व वर निखारे ठेवून भाजीत. धग किती झाली हें हात पुढें धरून ओळखीत. मांस आंतपर्यंत शिजलें कीं नाहीं, हें विणकामाची सुई खुपसून ती ओठांस लावून पाहात. तांबूस साखर मिळत नसे, म्हणून त्यांनीं गूळ वापरला, आणि तो मड्डमसाहेबांस इतका मानवला कीं पुढें साखर मिळूं लागली तरी त्यांनीं गूळच मागितला. ताट सजलें म्हणजे आजोबा तें जेवणाच्या खोलींत नेऊन ठेवीत आणि मागें फिरत. मेजावर हॅम कापण्याचा मान घरच्या यजमानाचा असे. आमचे वडील त्या वेळीं लहान होते. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटींतून ते तें कापणें पाहात.

बंगल्यावरचीं माणसें वाईट नव्हतीं. आजोबांस सणाला नवें धोतर मिळे, मुलांस रंगीत चित्रें व लिमलेटच्या गोळ्या मिळत. आणि आमच्या वडिलांची शाळेची फी त्याच घरानें भरली, तेव्हां आज आम्ही चार अक्षरें शिकवितों त्याचें मूळही तेथेंच आहे. परंतु हॅम आमच्या घरीं कधीं आलें नाहीं. येई तें दुसऱ्या दिवशीं हाड. आजी तें पावट्यांबरोबर शिजवीत असे.

आजोबांची एक वही आमच्यापाशीं आहे. तींत हॅमची कृति उण्यापुऱ्या पांच ओळींची आहे, आणि पांचांपैकीं दोन ओळी पाणी बदलण्याविषयीं आहेत. ती वही गेल्या वर्षीं मुलांच्या हातीं लागली आणि त्यांनीं हट्ट धरला. वडिलांस हें पसंत पडलें नाहीं. त्यांस आतां ऐंशीवें वर्ष चालू होतें. “अरे, तें बंगल्याचें जेवण. आपल्याला काय करायचें आहे?” एवढें बोलून ते अंगणांत जाऊन बसले. त्या बोलण्यांत राग होता, लाज होती, कीं नुसती जुनी सवय होती, हें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं. आम्ही दोन दिवस घुटमळलों. अखेर मुलांच्या आईनें निकाल दिला : “त्यांनीं खाल्लें नाहीं तर नाहीं, पण एकदां तें आपल्या ताटांत वाढलेलें त्यांना दिसूं द्या.”

पुण्यास लष्कर भागांतील एका दुकानीं तीन आठवडे आधीं सांगून ठेविलें, आणि हाडासकट तीन किलोंचा मुरविलेला, कच्चा तुकडा बर्फांत घालून आणला. प्रथम त्यांतील मीठ उतरविलें पाहिजे. थंड पाण्यांत बुडवून तो रात्रभर शीतकपाटांत ठेविला व दोनदां पाणी बदललें. वडिलांस डॉक्टरांनीं मीठ कमी करावयास सांगितलें आहे, म्हणून आम्हीं आणखी सहा तास तो पाण्यांत राहूं दिला. मग मोठ्या पातेल्यांत नवें पाणी, एक कांदा, दोन गाजरें, तमालपत्र व मिरीं घालून तो चुलीवर चढविला. पाण्यास उकळी फुटतांच चव घेऊन पाहावी; खारट लागलें तर तें ओतून दुसरें घ्यावें. हें एक पाणी फेंकण्याचा आळस करणाराच पुढें सबंध हॅम फेंकतो. यानंतर मात्र खळखळ उकळूं देऊं नये. पाणी नुसतें थरथरत राहावें. जोराच्या उकळीनें मांस आंवळतें व दोऱ्यासारखें होतें. किलोस चाळीस मिनिटें या हिशेबानें दोन तास लागले. डुकराच्या मांसांत कृमींचे कोश असण्याचा संभव असतो, म्हणून तें अर्धें कच्चें खाणें धोक्याचें आहे. आजोबांच्या सुईऐवजीं आम्हीं उष्णतामापक यंत्र वापरलें, आणि मध्यभागीं सत्तर अंश सेल्सियस झाल्याची खात्री करून मगच पातेलें उतरविलें.

कोमट झाल्यावर वरचें कातडें सोलून काढलें. खालीं पांढऱ्या चरबीचा बोटभर थर राहिला. येथें आमच्या कन्येचें काम सुरू झालें. दरवर्षीं शंकरपाळीं कापण्याचा मक्ता तिच्याकडे असल्यामुळें तिनें त्या चरबीवर तशाच तिरप्या चौकटी आंखल्या. सुरी चरबीपुरतीच जावी, मांसास लागूं नये. नाहीं तर आंतला रस वाहून जातो. प्रत्येक चौकटीच्या कोंपऱ्यावर एक लवंग टोंचण्याचें काम धाकट्याकडे होतें. त्यानें अठ्ठ्याऐंशीं लवंगा टोंचल्या व घरांतला मसाल्याचा डबा रिकामा केला. (खातांना त्या काढून ठेवावयाच्या असतात, हें त्यास ऐन वेळीं सांगावें लागलें.)

पाकासाठीं दोनशें ग्रॅम गूळ, दोन चमचे मोहरीची पूड, एक चमचा सिरका व एका नागपुरी संत्र्याचा रस घेतला. हें सर्व मंद विस्तवावर ठेवून पाक एकतारी होऊं दिला. एकतारी पाक म्हणजे काय, हें आमच्या वाचक-भगिनींस आम्हीं सांगावें असें नाहीं. मोहरीचा तिखटपणा व संत्र्याचा आंबटपणा नसेल तर नुसत्या गोडानें मिठाचें तोंड बंद होत नाहीं. दोनशें अंशांवर तापविलेल्या भट्टींत हॅम ठेवून दर दहा मिनिटांनीं ब्रशानें पाक चढविला. असे तीन हात दिले. हा लेप अगदीं शेवटच्या अर्ध्या तासांतच द्यावयाचा असतो, कारण एवढ्या आंचेंत साखर लवकरच तांबूस होते, आणि तांबुसाचें काळें व कडू होण्यास एक-दोन मिनिटें पुरतात. तिसरा हात होईपर्यंत भट्टीपासून हलूं नये. दार उघडल्यावर त्या चौकटी सोनेरी-तांबड्या चकाकत होत्या, आणि गूळ, लवंग व खारट मांस यांचा मिळून जो वास सुटला तो अंगणापर्यंत गेला असावा. कारण वडील न बोलावतां आंत आले.

वीस मिनिटें तसेंच राहूं दिल्यावर ताट मेजावर आणलें. आम्हीं सुरी वडिलांच्या हाताजवळ ठेविली. ते कांहीं वेळ नुसते पाहात राहिले. मग उभे राहिले, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, आणि नळीच्या बाजूनें प्रथम एक लहानशी पाचर कापून बाजूस काढली. त्या खांचेपासून हाडापर्यंत सरळ, कागदासारखे पातळ काप ते एकामागून एक देत गेले. कोणताही काप सुटा केला नाहीं. बारा-चौदा काप झाल्यावर त्यांनीं सुरी आडवी करून हाडालगत एकदां फिरविली, आणि सगळे काप पुस्तकाच्या पानांसारखे ताटांत उलटले. उत्तम कापणारा असेंच कापतो. त्यांस तें कोणीं शिकविलें नव्हतें, आणि त्या दिवसापर्यंत तशी सुरी त्यांनीं हातींही धरली नव्हती.

सर्वांस वाढून झाल्यावर त्यांनीं दोन काप घेतले, सावकाश खाल्ले आणि म्हणाले, “थोडें खारट आहे.” नंतर पाणी प्यायले. “बाबांनीं पाक मात्र असाच केला असता.” पुढें बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मुलें केककडे वळलीं तेव्हां त्यांनीं सुनेस हांक मारून विचारलें, “हाड टाकलें नाहीं ना?”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं हाड पातेल्यांत गेलें. ज्या पाण्यांत हॅम शिजलें होतें तें आम्हीं थंड करून ठेविलें होतेंच. त्यांतलें निम्में घातलें व निम्में साधें. रात्रीं भिजविलेले व सोललेले पावटे, कांदा व थोडी हळद, एवढेंच. आजीच्या हातची कृति कोठेंही लिहिलेली नाहीं. म्हणून वडील ओट्याजवळ स्टुलावर बसले आणि तिखट किती, आमसूल केव्हां, झांकण कधीं काढावें, हें सांगत राहिले. मीठ त्यांनीं घालूंच दिलें नाहीं. तास-सव्वा तासानें पावटे मऊ झाले व हाडाला चिकटलेलें मांस आपोआप सुटलें. आमटी बाजरीच्या भाकरीबरोबर वाढली. वडिलांनीं दोनदां मागून घेतली, आणि पातेलें त्याच दुपारीं संपलें.