डाव्या हाताकडे पाहा

तलवारबाजीचा सिनेमा पाहून आलेली मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "खरं होतं का हो ते?" कामोठ्यात मी संध्याकाळी मुलांना मर्दानी खेळ शिकवतो आणि मला जुन्या शस्त्रांचा नाद आहे. त्यामुळे नवा ऐतिहासिक चित्रपट लागला की सोसायटीच्या लिफ्टपासून मानसरोवर स्टेशनच्या फलाटापर्यंत हा प्रश्न मला गाठतोच. विचारणाऱ्याला बहुधा नायकाच्या उड्यांबद्दल, एका वारात आडव्या होणाऱ्या दहा जणांबद्दल ऐकायचं असतं. त्यावर बोलण्यासारखं फार नसतं. ते खोटं आहे हे त्यालाही ठाऊक असतं. मी मात्र पडद्यावर आधी नायकाचा डावा हात शोधतो.

बहुतेक चित्रपटांत तो हात रिकामा असतो. तोल सावरायला हवेत जातो, कमरेवर टेकतो, नाहीतर त्यात दुसरी तलवार येते. सतराव्या शतकातल्या मावळ्याला हे पाहून घाम फुटला असता. त्याच्या डाव्या हाताला ढाल हवी. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, गोल, मध्ये फुगीर. तिच्यावरची चार फुलं शोभेची वाटतात, पण आतल्या मुठी ज्या कड्यांत अडकवलेल्या असतात त्या कड्यांचे खिळे ती फुलं धरून ठेवतात. ही ढाल दंडाला बांधून स्वस्थ बसायची नसते. ती मुठीत धरून पुढे न्यायची, वार पुरा जोर धरण्याआधीच त्याला गाठायचं, तिरक्या कडेवरून निसटू द्यायचा आणि त्याच क्षणी उजव्या हाताने आपलं काम करायचं.

तलवारीची मूठही हेच सांगते. संग्रहालयात जुनी तलवार पाहिली तर मूठ फार आखूड वाटते, आणि तिच्या टोकाला एक तबकडी असते. पंजा त्या मुठीत घट्ट बसतो आणि मनगट फारसं वळू शकत नाही. युरोपी पद्धतीने मनगटाच्या झटक्यावर वार अडवायला ही मूठ गैरसोयीची. खांद्यातून वार उतरवायचा आणि पातं लागताच आपल्याकडे ओढून कापत न्यायचं, यासाठी ती घडवली आहे. अडवण्याचं काम ढालीवर सोपवलं आहे म्हणून मुठीला ते करावं लागत नाही. तालमीतला फरीगदगा याच जोडीचा सराव: उजव्या हातात तलवारीऐवजी गदगा, डाव्या हातात ढालीऐवजी फरी. शीर, तमाचा, बाहेरा हे वार शिकताना फरी कुठे असावी हेही त्याच दमात शिकवलं जातं. नवख्या पोराचं सगळं लक्ष गदग्यावर असतं. वस्तादाचं लक्ष फरीवर असतं.

आता आपल्या सर्वांत लाडक्या द्वंद्वाकडे येऊ. ४ फेब्रुवारी १६७० ची सिंहगडावरची रात्र, तानाजी मालुसरे आणि गडाचा मोगल किल्लेदार उदयभान. या प्रसंगावर मराठी माणूस शंभर वर्षं चित्रपट काढतो आहे. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' १९२३ चा, प्रभातचा व्ही. शांतारामांनी केलेला 'सिंहगड' १९३३ चा. दोन्हींच्या मुळाशी हरी नारायण आपट्यांची कादंबरी. अलीकडे २०२० मध्ये 'तान्हाजी' आला, २०२३ मध्ये 'सुभेदार' आला. आणि कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत या झुंजीला किती जागा आहे? मोजकी वाक्यं. त्यात उड्या नाहीत, आरोळ्या नाहीत. आहे ती ढाल. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढला. दोघेही पडले.

शस्त्र हाताळलेल्या माणसाला इथे थांबावं लागतं. ढाल तुटली म्हणजे लढाईचं गणितच तुटलं. आता प्रत्येक वाराची किंमत स्वतःच्या हाताने मोजायची, आणि रक्त जाऊन हात गळायच्या आत समोरच्याला संपवायचं. बखरकार प्रत्यक्षदर्शी असो वा नसो, लढाई कुठे फिरते हे त्याला पक्कं माहीत होतं. सिनेमावाल्यांना ते अजून पुरतं सापडलेलं नाही, कारण नायकाच्या हातातली जी ढाल कधी मनावर ठसलीच नाही तिच्या तुटण्याने प्रेक्षक हादरणार कसा?

प्रतापगडाचंही तसंच. १० नोव्हेंबर १६५९ ची शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट म्हणजे आपल्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध सुरामारी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अस्सलही. सभासदाच्या सांगण्यानुसार खानाने मिठीत मान दाबली आणि कुशीत जमदाडाचा वार केला. तो अंगरख्याखालच्या चिलखतावर घासून गेला. मग डाव्या हाताचं वाघनख, उजव्या हाताचा बिचवा. पुढे खानाचा सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला तेव्हा महाराजांनी पट्टा आणि बिचव्यावर त्याचे वार पेलले, आणि जिवा महालाने फिरंगेने त्याचा हत्यारासकट हात खांद्यातून उतरवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तिथून आली.

सुऱ्याची लढाई अशीच असते: मिठीच्या अंतरावर, काही क्षणांची, दोन्ही हात गुंतलेली. एका हाताने समोरच्याला धरायचं, दुसऱ्याने खुपसायचं. कट्यारीची मूठ आडवी असते ती बुक्की मारल्यासारखा सरळ जोर देता यावा म्हणून, आणि पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. सिनेमात दोघे जण चार हात अंतरावर वाकून गोल फिरतात, सुरा या हातातून त्या हातात फेकतात. हातातलं हत्यार हवेत सोडणाऱ्याला कोणता वस्ताद दुसऱ्यांदा उभं करील? चिलखताचीही तीच कथा. पडद्यावर तलवार फिरली की लोखंडी कड्या कापडासारख्या चिरतात. तसं झालं असतं तर इतकं वजन अंगावर कोणी वागवलं नसतं आणि त्या दिवशी प्रतापगडावर इतिहास निराळा घडला असता.

डाव्या हातानंतर पाय पाहावेत. पवित्रा बदलल्याशिवाय वार होत नाही आणि अंतर तुटल्याशिवाय तो लागत नाही. खरे लढवय्ये बराच वेळ अंगाबाहेर राहतात, कारण जो आत शिरतो तो मारू शकतो तसा मरूही शकतो. चित्रपटात दोघेही जन्मभर मारता येईल अशा अंतरावर उभे राहून मारत नाहीत. मग वारांची दिशा पाहावी. नीट लक्ष दिलंत तर वार समोरच्याच्या अंगावर येतच नाही, तो त्याच्या तलवारीवर येतो. खण्ण, खण्ण, खण्ण. धारेवर धार अशी आपटली तर दोन-चार वारांत पात्याची करवत होईल. यात कलाकारांचा दोष नाही. सेटवर कोणाचं बोट जाऊ नये म्हणून साहसदृश्यं बसवणारे लोक मुद्दाम असंच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. इथून कर्जत फार लांब नाही. तिथे ऐतिहासिक मालिकांची चित्रीकरणं झाली, त्यांतल्या पोरांची सुजलेली मनगटं मी पाहिली आहेत. बोथट हत्यारही हाड मोडतं.

वजनाबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. गावोगावी मणामणाच्या तलवारींच्या कथा चालतात. प्रत्यक्षात लढाईची तलवार साधारण एक किलोच्या आसपास असते, कारण ती दिवसभर चालवायची असते. सिनेमातली तलवार मात्र पुष्कळदा ॲल्युमिनियमची किंवा फायबरची, त्याहूनही हलकी. म्हणून नट ती वाऱ्यासारखी फिरवतो आणि हवेतच थांबवतो. पोलादी पात्याला स्वतःची ओढ असते. वार चुकला की ती खांदा पुढे खेचते आणि सावरेपर्यंतचा निमिष शत्रूचा असतो. ज्या दृश्यात चुकलेल्या वाराची शिक्षा दिसते, तिथे कोणीतरी जाणकार हजर होता असं समजावं.

पात्याचा आकारही बोलतो. पडद्यावरच्या मराठ्याला चंद्रकोरीसारखी वाकडी तलवार देण्याची हौस मोठी. मराठ्यांचा ओढा मात्र लांब, सरळ धोपेकडे आणि युरोपातून आलेलं पातं बसवलेल्या फिरंगेकडे होता. २०२५ मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार परत आणली. तिचं पातं सरळ, एकधारी आणि युरोपी बनावटीचं आहे. ती पाहायला गेलेल्या कित्येकांना ती 'मराठी' वाटली नाही, इतका सिनेमाने आपला डोळा घडवला आहे.

आणि आवाज. म्यानातून तलवार निघताना पडद्यावर जो 'श्शिंग' असा झंकार उठतो, तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जन्मतो. आपली म्यानं लाकडाची, वरून कातडं किंवा मखमल. पातं निघताना सळसळ होते, फार तर. धातूची किणकिण ऐकू आली तर म्यान धार खात आहे असं समजावं. लुई नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ च्या पुस्तकात नोंदलं आहे की निजामाच्या स्वारांच्या तलवारींनी केलेल्या भयानक जखमांचा डॉक्टरी अहवाल पाहून तो चक्रावला. चौकशी केली तर पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी! स्वारांनी त्यांना नवी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार दिली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईशिवाय ती बाहेर काढायची नाहीत. तेच पातं इंग्रजी शिपायाच्या लोखंडी म्यानात बोथट होत होतं.

दांडपट्ट्यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो आमचा जीव आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पट्ट्यात पंजा लोखंडी खोबणीत जातो, कोपरापर्यंतचा हात झाकला जातो आणि मनगट बंद होतं. वार निघतो तो कोपरातून, खांद्यातून, कमरेतून. पातं लांब आणि लवचिक. अशा हत्याराला मोकळी जागा लागते. सभोवती गर्दी असेल तर तिला दूर ठेवायला, खिंडीचं तोंड अडवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. घोडखिंडीतल्या बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांत लोकांनी पट्टे पाहिले ते उगाच नाही. पण अंगाला भिडलेल्या शत्रूसमोर हे लांबलचक पातं अडचणीचं, आणि खोबणीतला हात चटकन मोकळाही होत नाही.

चित्रपटातला पट्टा मात्र सदैव गरगर फिरतो. हा गरगराट आला कुठून? माझं मत असं की तो मिरवणुकीतून आला. १८१८ नंतर लढाया संपल्या आणि हत्यारं तालमीत गेली. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, वासुदेव बळवंत फडकेही शिकले. फडक्यांचं शिरढोण इथून जवळच, पनवेल ओलांडून गोवा महामार्गाला लागलं की येतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तिथे नेतो. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगणंच परवान्याचं झालं. विद्या टिकली ती आखाड्यात, शिवजयंतीच्या आणि सणांच्या मिरवणुकीत. मिरवणुकीत समोर शत्रू नसतो, प्रेक्षक असतो. तिथे हात लांबून दिसावा लागतो, चक्र पूर्ण व्हावं लागतं, जमिनीवरचं लिंबू बरोबर दुभंगावं लागतं. ही मोठी कला आहे आणि तिनेच आम्हाला जगवलं. सिनेमाने तीच उचलली आणि रणांगणावर नेऊन ठेवली. म्हणजे खोटेपणाचा अर्धा उगम आमच्याच अंगणात आहे. मुलांना मी दोन्ही शिकवतो, पण कुठला हात गर्दीसाठी आणि कुठला शत्रूसाठी, हे वेगळं करून सांगतो.

मग सिनेमाने सगळं खरंखुरं दाखवावं का? तसा हट्ट मी धरत नाही. खरी झुंज पाहायला कंटाळवाणी असते: बराच वेळ काही होत नाही आणि मग सगळं इतक्या झपाट्यात होतं की दिसत नाही. कुरोसावाने मात्र 'सान्जुरो'त (१९६२) हेच कथेच्या कामी लावलं. दोघे समोरासमोर नुसते उभे राहतात, प्रेक्षक श्वास धरतो, आणि एका वारात निकाल लागतो. रिडली स्कॉटच्या 'द ड्युएलिस्ट्स'मधले (१९७७) दोन फ्रेंच अधिकारी तळघरात लढता लढता इतके थकतात की तलवार उचलवत नाही. या दृश्यांत माणसं मरणाला भितात, म्हणून ती खरी वाटतात. आपला नायक भीत नाही असं दाखवण्याच्या नादात त्याचा पराक्रमच स्वस्त होतो. ज्याला वार लागूच शकत नाही त्याच्या शौर्याचं कौतुक ते काय?

आपल्या तिन्ही मोठ्या प्रसंगांत, प्रतापगडावर, घोडखिंडीत आणि सिंहगडावर, कथा फिरते ती बचावावर. अंगरख्याखालचं चिलखत, अडवून धरलेली वाट, तुटलेली ढाल. जुन्या लेखकांनी शौर्य मोजलं ते माणसाने काय पेललं यावरून. आपण ते किती कापले यावर मोजायला लागलो आणि तिथून पडद्यावरची तलवार पोकळ वाजू लागली.

म्हणून उद्या कोणी सिंहगडावर पुन्हा चित्रपट काढणार असेल तर माझी मागणी एवढीच. तानाजीच्या हाती पहिल्याच प्रसंगात ढाल द्या. तो तिची मूठ आवळताना दिसू द्या, तिच्यावर दोन-चार चकमकींचे ओरखडे उमटू द्या, प्रेक्षकाला तिचा भरवसा वाटू द्या. मग उदयभानासमोर ती फोडा आणि दुसरी ढाल येऊ देऊ नका. पुढचं काम नटाच्या डाव्या हाताने करावं. क्रेन आणि संगणकापेक्षा कातड्याच्या ढालीला खर्चही कमी येतो.