बीडची थंडी आणि छातीवर पेपर

पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं, बीड म्हणजे बारा महिने ऊन. बॉस, डिसेंबरात रात्री दहानंतर मांजरसुंब्याचा घाट सायकलवर उतरून दाखवा! (फ्रीलान्सरला रोज पेट्रोल कुठलं परवडायला?) चढताना घामाने निथळता, उतरताना तोच घाम अंगावर गारठतो. हवा १० अंश असली, तरी ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला सातच वाटते.

‘टूर द फ्रान्स’चे सायकलपटू घाट उतरताना जर्सीत वर्तमानपत्र कोंबायचे. आमचे अण्णा नाइट ड्यूटीला जाताना तेच करायचे, फ्रान्सचं नावही न घेता. मी माझाच लेख छापलेलं पान कोंबतो. निदान तिथे तरी उपयोगी पडतं! जाड स्वेटरपेक्षा पातळ दोन थर बरे, आणि पोचल्यावर ओला बनियन आधी बदलायचा.

पण खरी काळजी बोटांची. ती बधिर झाली की ब्रेक वेळेत दाबला जात नाही. त्यात थंडीचा सीझन म्हणजे ऊसतोडीचाही. टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली अंधारात कधी समोर येईल, नेम नाही. म्हणून हातमोजे मस्ट! कानटोपी मात्र पातळच घालतो. मागचा हॉर्न ऐकू यायला हवा ना.