चाहूल

गव्हाणी घुबडाचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर असतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळायचं नाही, कारण दोन्ही कान चेहऱ्यावरच्या पिसांखाली दडलेले असतात. पिसं बाजूला सारली तरच दिसतं, की डाव्या कानापुढची झडप खाली कललेली आहे आणि उजव्या कानापुढची वर. त्यामुळे जमिनीकडून आलेला आवाज डाव्या कानात जोरात वाजतो आणि वरून आलेला उजव्या कानात. आपले दोन्ही कान एका रेषेत आहेत. आवाज वरून आला की खालून, हे ठरवताना आपण बरेचदा चाचपडतो. घुबडाला ते चाचपडणं परवडत नाही. अंधाऱ्या शेतात उंदीर कुठल्या बाजूला आहे एवढं कळून भागत नाही, झेप किती खाली घ्यायची तेही कळावं लागतं.

डावं-उजवं मात्र त्याला वेळेवरून कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. घुबडाचं डोकं ते केवढंसं, त्यामुळे हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही नसतो. त्यातही सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरक त्याला उमगतो. लाखावा भाग! आपली पापणी लवायला याच्या हजारो पट वेळ लागतो.

हा चेहराच मुळी कानासाठी घडलेला आहे. ती पांढरी, बदामी तबकडी दाट आणि ताठ पिसांच्या कडेनं वेढलेली असते. कमी ऐकू येणारा माणूस कानामागे तळहात धरतो, तेच काम ही कड रात्रभर करत असते. आणि याच चेहऱ्याला आपण घाबरत आलो. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, देवळाच्या शिखरात, किल्ल्याच्या बुरुजातल्या फटीत राहणारं हे पाखरू रात्री चिरक्या आवाजात ओरडलं, की कुणाचं तरी बोलावणं आलं म्हणायचं. कणगीतल्या धान्याचा हा राखणदार. त्याला अपशकुनी ठरवून आपण त्याच्यावर मोठा अन्याय केला आहे, असं मला मनापासून वाटतं.

घुबडाची अंधारातली शिकार केवळ कानांच्या जोरावर चालते, याची खात्री करून घेतली रॉजर पेन या तरुण अमेरिकन संशोधकानं, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. खोलीत वाळकी पानं पसरली, मिट्ट काळोख केला, घुबडाला बसवलं आणि उंदीर सोडला. उंदीर थबकला की घुबडही स्तब्ध. पान पुन्हा वाजलं की झेप. मग पेन यांनी उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीनं पानांवरून ओढला, तर घुबड कागदावर तुटून पडलं. म्हणजे वास नाही, अंगाची ऊब नाही, नुसती सळसळ. एक कान बंद केला की नेम चुकायचा.

पुढे १९७८ साली कॅलिफोर्नियात एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी घुबडाच्या मेंदूत डोकावून पाहिलं. घुबडाच्या भोवती कमानीवरून फिरणारा एक छोटा स्पीकर लावला होता. मेंदूतली एक पेशी तो स्पीकर एका विशिष्ट जागी आला की चेतायची, जरा सरकला की गप्प. तिच्या शेजारची पेशी शेजारच्या जागेसाठी. भोवतालच्या सगळ्या अवकाशाचा आवाजांनी आखलेला नकाशा त्या चिमुकल्या मेंदूत होता. डोळ्यांचं सोपं असतं, डोळ्याच्या पडद्यावर समोरचं चित्र आपसूक उमटतं. कानाच्या पडद्याला तशी काही सोय नाही, तो फक्त थरथरतो. हा नकाशा मेंदूला त्या थरथरीतून, क्षणाक्षणाच्या हिशेबातून स्वतः रचावा लागतो, आणि तो प्रत्येक घुबडाच्या डोक्यात रचला जातो. मी हे जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसते.

घुबडाचे पंख वाजत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, वरचा थर मखमली असतो, मागची कड झालरीची असते. हवा त्यातून मऊपणे निसटते. उंदराला चाहूल लागू नये म्हणून हे आहेच, पण दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. उडताना स्वतःच्याच पंखांचा आवाज झाला, तर खालची सळसळ घुबडाला ऐकू येणार नाही.

आता उंदराच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर गोष्ट शिकाऱ्याचीच व्हायची. उंदराचं डोकं तर घुबडाहूनही लहान. एवढ्याशा डोक्याला दिशा कळायची, तर फार उंच पट्टीचे आवाज ऐकू यावे लागतात. डोक्याच्या आडोशानं पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात ते असेच आवाज. म्हणून उंदीर ८० हजार हर्ट्झच्या आसपासचंही ऐकतो. माणसाची धाव २० हजारांपर्यंत, घुबडाची साधारण १२ हजारांपर्यंत. बिळाबाहेर पडलेलं, गारठलेलं उंदराचं पिल्लू आईला हाक मारतं ती त्या उंच पट्टीत. आईला ती ऐकू जाते. वर खांबावर बसलेल्या घुबडाला त्यातलं काहीच कळत नाही. एकाच शेतात, एकाच रात्री एका आईचं बोलणं तिच्या वैऱ्याच्या कानांपासून असं सुरक्षित राहतं.

अमेरिकेतल्या वाळवंटात कांगारू रॅट नावाचा छोटा प्राणी आहे. त्याच्या मधल्या कानाच्या पोकळ्या इतक्या फुगलेल्या असतात, की त्या मेंदूपेक्षा जास्त जागा व्यापतात. निसर्गात जागा कुणाला फुकट मिळत नाही. या पोकळ्यांमुळे त्याला खालच्या पट्टीतले अगदी दबके आवाज ऐकू येतात: झेपावणाऱ्या घुबडाच्या पंखांनी हललेली हवा आणि झडप घालणाऱ्या खुळखुळ्या सापाची हालचाल. अगदी शेवटच्या क्षणी तो उंच उडी मारतो आणि वाचतो. बिनआवाजी पंखांना उत्तर म्हणून हा कान घडला आणि या कानाला उत्तर म्हणून पंख आणखी मऊ झाले असतील. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांनी लाखो वर्षं एकमेकांना घडवलं आहे.

आपल्या अंगणातल्या दिव्याभोवती फिरणाऱ्या कित्येक पतंगांनाही कान असतात, छातीच्या दोन्ही बाजूंना. संशोधक केनेथ रोडर यांनी ते तपासले. प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी दोनच. एक संवेदनशील, दूरच्या वटवाघळाची किंचाळी पकडणारी. ती चेतली की पतंग दिशा बदलून दूर जातो. दुसरी वटवाघूळ जवळ आल्यावरच चेतते. मग पतंग वेडीवाकडी गिरकी घेत जमिनीकडे कोसळतो. दोन पेशींत मावणारं एवढं शहाणपण.

पण ऐकण्याची सगळ्यात करुण कहाणी आहे ती हवाई बेटांपैकी काउआईवरच्या रातकिड्यांची. रातकिड्याचा नर पंख घासून गातो. मादी ते गाणं पुढच्या पायांवरच्या कानांनी ऐकते आणि त्याच्याकडे येते. पण त्या बेटावर ऐकणारं आणखी कुणीतरी आलं. उत्तर अमेरिकेतून आलेल्या एका माशीला रातकिड्याचं गाणं नेमकं ऐकू येतं. ती आवाजाचा माग काढत पोचते आणि गाणाऱ्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या आत शिरतात, त्याला आतून खातात, आणि आठवडाभरात तो मरतो. जो जितका छान गातो, तो तितक्या लवकर मरतो. मार्लीन झुक ही संशोधिका वर्षानुवर्षं तिथे जायची आणि दर खेपेला गाणं ओसरत गेलेलं तिला जाणवायचं. २००३ साली तिला वाटलं, संपले सगळे. कपाळावरचा दिवा लावून गवतात पाहिलं, तर रातकिडे जागोजाग. ते होते, पण गात नव्हते. नव्वद टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवरची गाणं काढणारी खरखरीत रेघ नाहीशी झाली होती आणि पंख गुळगुळीत झाले होते. वीसहून कमी पिढ्यांत हे घडलं. ते मुके नर पंख घासतात, पण त्यातून सूर निघत नाही. जे थोडे अजून गातात, त्यांच्या आसपास हे जाऊन बसतात आणि आलेल्या मादीला गाठतात. जगले, वंशही चालला. तरीही त्या बेटावरचा तो काळोख मनात आला की मला गलबलून येतं.

ताडोबात सफारीला गेलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. वाटेत गाईड एकदम हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो, आणि गाडीत कुणी कुजबुजलं तरी गाईडची नजर तिकडे वळते. सगळे कॉल, म्हणजे प्राण्यांनी दिलेले धोक्याचे इशारे, ऐकताहेत. अशा एका थांब्याला आमच्या गाडीपासून दहा-बारा हातांवर चितळाची मादी चरत होती. मान खाली, तोंड गवतात, पण कान मात्र आपापल्या कामाला लागलेले. डावा आमच्याकडे रोखलेला, उजवा मागच्या बांबूच्या बेटाकडे. आतली गुलाबी कातडी उन्हात उजळली होती, कडेवर एक गोचीड टम्म फुगून बसलेली. माशी बसली की कान फडकायचा आणि पुन्हा जिथल्या तिथे. मग बांबूपलीकडून सांबरानं साद घातली, भरदार, घंटा वाजावी तशी. मान वर, दोन्ही कान एकदम त्या दिशेला, पुढचा एक पाय हवेतच. गाईड हलकेच म्हणाला, "चितळ कशालाही घाबरतं ताई, पण सांबरानं कॉल दिला म्हणजे वाघ आहेच." सांबराची साद चितळ ऐकतं, चितळाची वानर ऐकतं, झाडावरच्या वानराची खालचे सगळे ऐकतात. एका जंगलात एकाचा कान सगळ्यांच्या कामी येतो.

मात्र हे सगळं शांततेवर उभं आहे. वाहतुकीचा गोंगाट वाढला की घुबडांना भक्ष्य सापडणं घटतं, हे अमेरिकेत आणि जपानमध्ये तपासून पाहिलं गेलं आहे. आपल्याकडे शेताच्या बांधाला लागून चौपदरी रस्ते आले, लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या. त्या दणदणाटात सेकंदाच्या लाखाव्या भागाचा हिशेब कसा करायचा त्या पाखरानं? डोळे दिपवणारा उजेड निदान दिसतो तरी, त्याबद्दल आपण बोलतोही. आवाजानं झाकलं गेलेलं जग आपल्या लक्षातच येत नाही. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

माणसाच्या आतल्या कानात नाद टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या जन्मताच मिळतात. मोडल्या तर पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच पट्टीच्या आधी जातात. पक्ष्यांमध्ये त्या नव्यानं उगवतात. जर्मनीत ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी म्हाताऱ्या गव्हाणी घुबडांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना तरुण घुबडांइतकंच ऐकू येत होतं.

आमच्या आईनं ऐंशी ओलांडली आहे. गेल्या जूनमध्ये गावच्या घरी ओसरीवर बसलो होतो. वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या आणि परसातले रातकिडे कान किटवत होते. ती मला म्हणाली, "का गं, यंदा रातकिडे नाहीत वाटतं?"

मला चटकन काही बोलता येईना. मग सांगितलं, की आहेत, खूप आहेत, तुला ऐकू येत नाहीत. तिनं कानामागे हात धरला, थोडा वेळ ऐकायचा प्रयत्न केला आणि हात खाली घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "पावशा मात्र ऐकला मी सकाळी. पेरते व्हा, पेरते व्हा, चांगला तीनदा. दादाला सांग, बियाणं उद्याच आणून टाक म्हणावं, मागाहून दुकानात रांगा लागतात."